आनंदरावांचं इंजिन

नरखेडकडच्या त्या गावात पंचांग होतं, शाळेत कॅलेंडर होतं आणि मारोतरावांच्या मनगटावर घड्याळही होतं. पण संत्र्याच्या झाडांचं पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं, हे गाव यातल्या कशालाच विचारत नसे. ते ठरायचं आनंदरावांच्या इंजिनावरून.

आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी बंद करावं लागतं. महिना-दीड महिना झाड उपाशी ठेवायचं. पानं मुरगळतात, निम्मी गळतात, नवख्या माणसाला वाटतं की झाड गेलं. ते खरोखर जाण्याच्या थोडं आधी पाणी द्यायचं. मग तेच झाड जिवाच्या भीतीनं म्हणा किंवा सुटकेच्या आनंदानं म्हणा, फुलांनी लदबदून जातं. याला ताण देणं म्हणतात. आठ दिवस कमी पडले तर नुसती पालवी, आठ दिवस जास्त झाले तर सरपण. ते 'थोडं आधी' म्हणजे नेमकं कधी, याबद्दल पुस्तिकांमधून 'जमिनीच्या मगदुराप्रमाणे' असं छापलेलं असे. म्हणजे काहीच छापलेलं नसे.

आनंदरावांना ते कळायचं. कसं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते झाडाखाली बसायचे, पान मुठीत दाबायचे, काडी मोडून नाकाशी धरायचे आणि घरी येऊन जेवायचे. मग एका सकाळी त्यांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन दोनदा खोकून सुरू व्हायचं आणि अर्ध्या तासात गावातली बाकीची चौदा इंजिनं. त्यांना कोणी काही विचारत नसे. विचारणं म्हणजे आपल्याला कळत नाही असं कबूल करणं, आणि संत्रेवाला माणूस ते सहसा करत नाही. ऐकायला मात्र हरकत नव्हती. कान काही दुसऱ्याच्या बांधावर जात नाहीत.

आनंदरावांचा धाकटा भाऊ कृष्णकांत नागपुरात प्रताप नगरात राहायचा आणि एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. बाप गेला तेव्हा आनंदराव एकोणीस वर्षांचे होते आणि कृष्णकांत नऊ. त्यानंतर कृष्णकांतनं पाणी वळवायला फावडं उचललं की आनंदराव ते त्याच्या हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू पुस्तक धर." या तीन शब्दांवर कृष्णकांत बी.एस्सी. झाला. त्याबद्दल भावाला दोन शब्द चांगले बोलावेत असं त्याच्या मनात होतं. योग्य प्रसंग शोधता शोधता तो बेचाळीस वर्षांचा झाला होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात आनंदराव त्याच्या घरी आले, पण स्वतःच्या पायांनी नव्हे. एका बाजूनं वहिनी पार्वतीबाई आणि दुसऱ्या बाजूनं कंडक्टर, असं धरून त्यांना एसटीतून उतरवलं. दिवाळीनंतर त्यांची आधी झोप गेली, मग भूक. मग ते म्हणू लागले की पोटातली आतडी वाळली, आता खाल्लेलं जायला जागा नाही. पुढे तेही म्हणेनासे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. नोव्हेंबरात लेकीला मुलगी झाली. आजोबा झाल्याची बातमी त्यांनी ऐकली आणि कूस बदलायची तर कुठे, म्हणून भिंतीकडेच पाहत राहिले. मधल्या काळात दोन देवस्थानं, एक दर्गा आणि एक वैद्य होऊन गेले होते. प्रत्येकानं काही ना काही बांधलं होतं. दंडावर जागा उरली नव्हती.

गावात 'पित्ताचा त्रास' असं सांगितलं होतं. कृष्णकांतनंही शेजारी तेच सांगितलं. प्रताप नगरात पित्ताला मान होता. निम्म्या घरांत ते होतंच.

धंतोलीत डॉक्टर इंदू देवतळ्यांचा दवाखाना होता. पन्नाशीच्या बाई, साध्या सुती साडीवर नवऱ्याचा स्वेटर घालायच्या. पाटीवर 'मनोविकारतज्ज्ञ' असं स्पष्ट लिहिलेलं असल्यानं त्यांचे पेशंट शेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर गालाला हात लावून बसायचे आणि नंबर आला की घाईनं आत शिरायचे. कृष्णकांतही गालाला हात लावून बसला.

बाईंनी गोळ्या दिल्या. दोन आठवड्यांत आनंदरावांनी गोळ्याच काय, पाण्याचा पेलाही ओठांना लावू देणं बंद केलं. तेविसाव्या तारखेला बाईंनी त्यांची जीभ पाहिली, हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"गोळ्यांचा गुण यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील," बाई म्हणाल्या. "यांच्याजवळ तेवढे नाहीत. शॉक द्यावे लागतील. एक दिवसाआड, सहा ते आठ."

गेली सतरा वर्षं कृष्णकांत मुलांना विजेच्या बोर्डाला ओला हात लावू नका असं शिकवत आला होता. त्यानं शास्त्राच्या मास्तराला शोभेल असा प्रश्न विचारला. "किती व्होल्ट?"

"शंभर-सव्वाशे. अर्धा सेकंद."

"आणि त्यानं मेंदूत नेमकं काय होतं?"

"वीज म्हणजे नुसती काडी. ती ओढली की मेंदू स्वतःच फिट आणतो, अर्धा-पाऊण मिनिट. गुण येतो तो त्या फिटीनं. आधी भूल देतो, अंग ढिलं पडायचं इंजेक्शन देतो. त्यांना काही कळणार नाही."

"पण गुण येतो कसा?"

"उंदरांच्या मेंदूत काही रसायनं बदलताना दिसतात. माणसाचा मेंदू कोणी उघडून दाखवत नाही." बाईंनी स्वेटरची बाही वर सारली. "गुण येतो हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कसा, ते पुरतं माहीत नाही. माहीत आहे म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल."

कृष्णकांतला हे आवडलं नाही. ज्याचं उत्तर धड्याच्या शेवटी दिलेलं नाही असा प्रश्न त्यानं वर्गात कधी घेतला नव्हता.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या पार्वतीबाईंनी पदर सारखा केला. "म्हंजे बाई, आम्ही झाडाले ताण देतो तसं काय जी थे?" आणि त्यांनी दोन मिनिटांत आंबिया बहार समजावून सांगितला.

बाईंनी मन लावून ऐकलं. "मला संत्री फक्त सोलता येतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगता तसं असेल तर ताण त्यांना महिनाभर पडलेलाच आहे. हे पाणी समजा."

मग स्मरणशक्तीचा विषय निघाला, म्हणजे बाईंनीच काढला. मागचे दोन-तीन महिने पुसले जातील, त्यातलं काही कदाचित कधीच परत येणार नाही. जुनं सहसा राहतं. हातांच्या सवयीचं तर राहतंच. "सहसा," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि संमतीपत्राचा कागद पुढे केला. सोमवारपर्यंत विचार करायला सांगितला.

रविवारी पार्वतीबाईंचे भाऊ भैयाजी आले. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान. संत्रेवाल्याला भेटायला येताना ते पिशवीभर संत्री घेऊन आले होते.

"किसनभाऊ, सही नोका करू," ते म्हणाले. "आमच्या लाइनीत एक जण होता. त्याले देल्ले शॉक. माणूस राह्यला, आतला माल गेला. थान कोणचं, मिल कोणती, काही नाही. आता दुकानात नुसता बसून राह्यते अन आल्यागेल्याले रामराम करते."

"पहिले काय करत होते ते?" कृष्णकांतच्या बायकोनं, प्रेमिलानं, चहा देता देता विचारलं.

भैयाजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पहिले रामरामबी नोता करत."

प्रेमिला हसली, कृष्णकांत हसला नाही. 'आतला माल' हे शब्द त्याच्या डोक्यात जाऊन बसले. आनंदरावांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नव्हती. पानाची मूठ, काडीचा वास, कोणत्या झाडाला काय सोसतं, सगळं त्यांच्या डोक्यात. उद्या ते डोकं धुऊनपुसून परत मिळालं आणि आत काहीच नसलं तर? ती सही देवाची नसणार, दर्ग्याची नसणार. कृष्णकांतची असणार, तीही सुवाच्य अक्षरात.

सोमवारी सकाळी कागद टेबलावर तसाच होता. कृष्णकांत पेनचं टोपण काढत होता आणि लावत होता. पार्वतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, काहून थांबले?"

"वैनी, यातून उठले आणि त्यांना काहीच आठवलं नाही तर? झाडाचं, बगीच्याचं?"

"झाड मरून राह्यलं," पार्वतीबाई म्हणाल्या, "अन त्याले संत्रे किती येतीन थे तुम्ही पुसून राह्यले."

कृष्णकांतनं सही केली. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यानं 'धाकटा भाऊ' असं लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की वर्गात त्यानं ते चालू दिलं नसतं.

मंगळवारी सकाळी, शास्त्राचे मास्तर म्हणून, बाईंनी त्याला आत उभं राहू दिलं. कृष्णकांतनं ठिणग्यांची तयारी ठेवली होती. यंत्र म्हणजे लाकडी पेटी, जुन्या रेडिओएवढी, तिला एक काटा आणि दोन बटणं. मेडिकल कॉलेजातून स्कूटरवर आलेल्या डॉक्टरांनी भूल दिली. आनंदरावांच्या दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवला, कपाळाच्या दोन्ही बाजूंना तारा जोडलेल्या ओल्या कापडी गाद्या धरल्या. बाईंनी बटण दाबलं. टिकली फुटते तेवढाही आवाज झाला नाही. आनंदरावांच्या पायांची बोटं थरथरू लागली, थंडीत गुरांची कातडी थरथरते तशी. बाई घड्याळाकडे पाहत आकडे मोजत होत्या. अडतीसवर बोटं थांबली.

"झालं," बाई म्हणाल्या. "चहा घ्या बाहेर. तुमचा रंग गेलाय."

पहिल्या शॉकनंतर काही झालं नाही. दुसऱ्यानंतर आनंदरावांनी चमच्यानं पाणी घेतलं. तिसऱ्यानंतर पेला स्वतःच्या हातात धरला. मात्र कोणी काही विचारलं तर ते विचारणाऱ्याकडे, आपण ह्याला कुठेतरी पाहिलंय असं बघत. कृष्णकांतला रोज भैयाजींचा तो माणूस रामराम करताना दिसू लागला.

एकतीस तारखेला, रविवारी, गावाहून तिघे जण आले. पुढे मारोतराव, ज्यांचा बगीचा आनंदरावांच्या बगीच्याला लागून होता. आनंदराव व्हरांड्यात उन्हाला घोंगडी पांघरून बसले होते. तिघे समोर खुर्च्यांच्या कडेवर टेकले.

"पित्त कसं काय?" मारोतरावांनी विचारलं.

"उतरून राह्यलं," कृष्णकांतनं परस्पर सांगितलं.

"आनंदभाऊ," मारोतराव जरा पुढे सरकले, "अवंदा थंडी लय हाय."

आनंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या 'हो'मध्ये काय काय असू शकतं याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग मारोतरावांनी कृष्णकांतला खुणेनं अंगणात नेलं.

"मास्तर, पाण्याचं काही बोलले काय भाऊ? अवंदा लौकरच ताण धरला त्यायनं. दरसाल डिसेंबरात धरतेत, अवंदा वीस नोव्हेंबरलेच इंजिन बंद. आम्ही म्हटलं, यायनं काही पाह्यलं असन. त्याच दिशी म्याबी बंद केलं. हप्त्याभरात पुरं गाव."

"त्यांना कोणी विचारलं नाही?"

"पुसाचं काय त्याच्यात? इंजिन बंद, थे तं ऐकूच येऊन राह्यलं होतं."

कृष्णकांतनं मागे वळून पाहिलं. दारात पार्वतीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा त्याच्यासारखाच झाला होता. वीस नोव्हेंबर हा आनंदराव खाटेवरून न उठल्याचा पहिला दिवस होता. त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. ते भिंतीकडे पाहत होते. आणि गावातल्या चौदा जणांनी, कुणाला न विचारता, त्यांच्या आजारपणाची शिस्तीत नक्कल केली होती.

आता सांगावं तर पित्ताचं काय करायचं? आणि सांगून पुढे काय? पाणी आज सोडायचं की आठ दिवसांनी, हे सांगू शकणारा माणूस व्हरांड्यात 'हो' म्हणून बसला होता. कृष्णकांत म्हणाला, "दोन-चार दिवस थांबा." म्हणाला आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की मारोतरावांनी हे वाक्य थोरल्या भावाचं म्हणून खिशात घातलं. पहिल्या एसटीनं तिघे परतही गेले.

त्यानंतरचे दिवस कृष्णकांतनं वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवत काढले आणि त्याला फळ्यावर वाळलेल्या फांद्या दिसत राहिल्या.

चौथ्या शॉकच्या संध्याकाळी आनंदरावांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर संपली काय वं घरातली?"

प्रेमिलाला आधी राग आला, कारण साखर दोन चमचे घातली होती. मग तिनं पाहिलं तर पार्वतीबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. त्यांच्या नवऱ्यानं दोन महिन्यांत पहिल्यांदा कशाला तरी नावं ठेवली होती.

पाचव्यानंतर त्यांनी विचारलं, "सुमनचं बाळंतपण कवा हाय?" सुमन म्हणजे त्यांची लेक. पार्वतीबाईंनी सांगितलं की झालं, मुलगी झाली, नाकडोळे आजोबासारखे आहेत. आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "अन मले आत्ता सांगून राह्यली तू?" पार्वतीबाईंनी आधी सांगितल्याचं सांगितलं नाही. आजोबा झाल्याची बातमी आनंदरावांना दुसऱ्यांदा मिळाली, आणि या खेपेला त्यांना आनंद झाला. त्या संध्याकाळी त्यांनी ती तीन शेजाऱ्यांना दिली, त्यांपैकी दोघांना ते ओळखतही नव्हते.

सहावा शॉक शनिवारी झाला. दुपारी आनंदराव खाटेवर बसून संत्रं सोलत होते, भैयाजींनी आणलेलं. एक फोड तोंडात टाकून म्हणाले, "कोनाचं हाय हे? भिजलेलं लाकूड." मग हात थांबला. "किसना, महिना कोणता लागला?"

"पौष."

"मार्गशीर्ष?"

"गेला."

"मी कोठी होतो?"

"घरीच होते दादा. मग इथं."

आनंदराव विचारात पडले. "मंग ताण कवा धरला आपून?"

कृष्णकांतनं जपून विचारलं, "तुम्हाला नाही आठवत?"

"नाही," आनंदराव म्हणाले. लपवाछपवी न करता, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही असं सांगावं तसं. कृष्णकांतनं मात्र चपला चढवल्या. तो तसाच धंतोलीला गेला. बाई म्हणाल्या, "तारीख गेलीये. झाड गेलंय का, ते झाडाजवळ नेऊन पाहा. मंगळवारी सकाळी इथं परत आणा, एक-दोन अजून द्यायचेत."

रविवारी सकाळच्या एसटीनं ते गावी उतरले. फाट्यापासून मारोतराव मागे लागले, देवळापासून आणखी पाच जण, आणि बगीच्याच्या कुंपणाशी पोचेपर्यंत पंधराएक माणसं सहज फिरायला निघाल्यासारखी मागून चालत होती.

बगीच्यात बुंध्यांभोवती पानांचा खच होता. जी पानं वर उरली होती ती विडीसारखी वळली होती.

आनंदराव पहिल्या ओळीतलं चौथं झाड गाठून खाली बसले. एक पान तोडून मुठीत दाबलं आणि कान मुठीजवळ नेला. शेंड्याकडची काडी मोडली, फेकली. तिच्या खालची मोडली, नाकाशी धरली. आणखी खालची मोडली, नखानं साल खरवडली. हे इतक्या संथपणे चाललं होतं की कृष्णकांतला कळेना, त्यांना काही कळतंय की हात नुसते जुन्या वाटेनं फिरताहेत. आपल्या सहीनं या माणसाचं काय केलं, ते आता एका काडीवरून ठरणार होतं.

"ताण कोन धरला हा?" आनंदरावांनी वर पाहिलं.

"तुम्हीच," मारोतराव म्हणाले. "वीस नोव्हेंबरले."

"नोव्हेंबरात? नोव्हेंबरात कोनी ताण धरते काय?"

पंधरा माणसं झाडांकडे पाहू लागली. कृष्णकांतनंच सांगून टाकलं. "दादा, तो ताण नव्हता. तुम्ही आजारी पडले. इंजिन लावायला उठलेच नाही."

आनंदरावांनी हे ऐकून घेतलं. मग कुंपणापलीकडे मारोतरावांच्या बगीच्याकडे पाहिलं, त्यापलीकडच्या बगीच्याकडे पाहिलं. सगळीकडे तीच वळलेली पानं.

"अन तुमचं काहून बंद हाय गा मारोतराव?"

"तुमचं बंद झालं म्हून."

"मी तं बिमार होतो बाप्पा," आनंदराव म्हणाले. "पित्त-बित्त नाही, डोक्याची बिमारी. शॉक घेऊन राह्यलो मी नागपुरात, साहा झाले. तुम्हाले काय झालं होतं?"

पित्ताची गोष्ट आनंदरावांनी एका वाक्यात, कोणाची परवानगी न घेता, संपवून टाकली होती, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. शेवटी मारोतराव म्हणाले, "आम्हाले वाटलं, तुम्ही काही पाह्यलं असन."

आनंदरावांचे खांदे हलू लागले. कृष्णकांत धावत पुढे झाला, त्याला वाटलं फिट आली. पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग इतकं की झाडाचा बुंधा धरावा लागला. मग मारोतराव हसले, आणि मग बाकीचे, ज्यांना आपली दोन-अडीच हजार झाडं एका माणसाच्या अंथरुणावर वाळली हे आत्ता कुठे समजत होतं.

"आजच सोडा पाणी," डोळे पुसत आनंदराव म्हणाले. "शेंडे वाळले, पर खालची काडी ओली हाय. अजून चार दिस गेले असते तं चुलीतच घालाची होती. पर पहिलं पाणी हलकं, आळं ओलं होईन एवढंच. पोटभर पाजान तं फूल गयते. दुसरं आठ दिसानं."

आजवर ही माहिती त्यांनी तोंडानं कोणालाही दिली नव्हती. ती अशी फुकट, सर्वांसमक्ष मिळाल्यानं लोक थोडे गोंधळले. कोणी जागचं हललं नाही.

"जा ना," आनंदराव म्हणाले.

"जातो," मारोतराव म्हणाले. "तुमचं सुरू झालं का जातो."

आनंदरावांचं अंग शॉकनं दुखत होतं, म्हणून हँडल कृष्णकांतनं मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पाइपातून आधी हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. कुंपणापाशी पाहिलं तर कोणी नव्हतं. थोड्या वेळानं उजवीकडून मारोतरावांचं इंजिन ऐकू आलं, मग नाल्यापलीकडून एक, मग कुठलं कुणाचं ते मोजता येईना.

कृष्णकांतला भावाला दोन शब्द चांगले बोलायचे होते. हा प्रसंग योग्य होता यात शंका नव्हती. तो तोंड उघडणार तेवढ्यात आनंदरावांनी फावडं त्याच्यापुढे धरलं.

"धर."

कृष्णकांत त्या दांड्याकडे पाहत राहिला. नऊ वर्षांचा असल्यापासून तो त्याच्या हातातून काढून घेतला जात होता. "आणि पुस्तक?"

"थे झालं ना धरून," आनंदराव म्हणाले. "म्हून तं सही करता आली तुले."

सहीबद्दल त्यांना कोणी सांगितलं होतं, कृष्णकांतनं विचारलं नाही. त्यानं चपला काढल्या, धोतर नसल्यानं पँट दुमडली आणि पाटाला पहिलं तोंड पाडलं. ते जरा मोठं पडलं. पाणी आळ्यात न शिरता थेट त्याच्या पायांवरून रस्त्याला निघालं.

"अबे मास्तर," मागून आनंदराव ओरडले, "पाणी वयवाले सांगतलं, नदी नाही काढाले. हलकं म्हटलं ना मी? कान कोठी ठेवला?"

कृष्णकांत घोट्याएवढ्या चिखलात उभा राहून ते बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्यातला एकही शब्द त्याला कमी व्हायला नको होता.

फेब्रुवारीत तपासणीला येताना आनंदरावांनी फुललेली एक फांदी पेपरात गुंडाळून आणली. दाताच्या डॉक्टरांच्या पायरीवर सात-आठ माणसं गालाला हात लावून बसली होती. आनंदराव त्यांच्याकडे न पाहता थेट बाईंच्या पाटीखालच्या बाकावर जाऊन बसले आणि फांदी मांडीवर ठेवली. वास सगळीकडे पसरला. पायरीवरच्या एका म्हाताऱ्यानं गालावरचा हात काढून विचारलं, "तुम्ही हितले काय जी?"

"हितलाच," आनंदराव म्हणाले आणि बाकावर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.